सातवीतली लेक म्हणते कुठलाच क्लब नको. ढकलू का गप्प बसू?

खिडकीजवळची

मोठा प्रश्न नाहीये हे आधीच कबूल करते, पण घरात चार दिवस ह्याच्यावरून धुसफूस चालू आहे आणि आता मला घराबाहेरच्या कुणाशी तरी बोलायचंय, म्हणून धागा.

लेक सातवीत, बारा पूर्ण झाली. शाळेत सातवीपासून क्लब असतात, आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्यावर दीड तास. नाटक, रोबोटिक्स, वादविवाद, बुद्धिबळ, भित्तिपत्रिका. सक्ती कशाचीच नाही. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. हिने तो दप्तरातून बाहेरच काढला नाही, मला वर्गातल्या दुसऱ्या एका आईकडून कळलं. विचारलं तर "मला काहीच नकोय". का गं? "असंच." बरं एखादा तरी आवडतो का? "आई प्लीज." आणि दार बंद.

नवरा म्हणतो सोड ना, नको म्हणतेय तर नको. मला पटत नाही. मी स्वतः शाळेत कशाकशात नव्हते, घर ते बाक आणि बाक ते घर, आणि मग नोकरीत पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलायची वेळ आली तेव्हा हातातला कागद इतका थरथरत होता की समोरच्या बाईंनी न मागता पाणी आणून दिलं. ते तिच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं. आता ही काळजी तिची आहे का माझीच जुनी आहे ते तुम्हीच सांगा. अभ्यासात ठीक आहे, एक जिवलग मैत्रीण आहे, घरी आली की चित्रं काढते नाहीतर मोबाईल.

सरळरेषा

ढकला.

बारा वर्षांचं पोर सगळ्यालाच आधी नको म्हणतं, अंघोळीला पण नको म्हणतं, म्हणून आपण अंघोळ सोडून देतो का? मला आठवीत वडिलांनी वादविवादात घालून टाकलं, न विचारता. पहिल्याच वेळी मी मधेच विसरलो आणि नुसता उभा राहिलो, खाली बसायचं पण सुचेना. पंधरा दिवस बापाशी बोललो नाही. आणि आज माझं पोट बोलण्यावर चालतं. लोक म्हणतात आधी आवड बघा, अहो जरा जमायला लागलं की आवड येते, आणि हातच लावला नाही तर जमणार कसं? फॉर्म भरा, एक सत्र काढू दे, मग नको म्हणू दे. तेव्हा त्या नकोला काही वजन असेल.

निवांत

सरळरेषा, तुमचं जमलं म्हणून तुम्ही आज हौसेने सांगताय. ज्यांना ढकललं आणि जे त्या दिवसापासून मिटले ते कशाला सांगायला येतील. मी सांगतो, मी त्यातलाच. मला समूहगानात उभं केलं होतं, नेमकं आवाज फुटायच्या वर्षी. दोन ओळींनंतर बाई म्हणाल्या तू नुसते ओठ हलव. वर्षभर ओठ हलवले. आता पन्नाशीला आलो, अजून कुणाच्या वाढदिवसाला गाणं सुरू झालं की मी मोबाईल बघायला लागतो.

ताई, पोरगी घरी येऊन चित्रं काढते म्हणता आणि ते वाक्य असं टाकता जसं काही ती काहीच करत नाही. फॉर्मवर चौकोन नसलेली गोष्ट आपल्याला मोजताच येत नाही का? त्यात झोप बघा. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ साली सांगून ठेवलंय, ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप आणि १३ ते १८ ला ८ ते १०. तुमची नेमकी उंबऱ्यावर आहे, आणि ह्या वयात झोप रात्री उशिराच लागायला लागते, तो आळस नसतो, शरीराचं घड्याळच पुढे सरकतं. शाळा काही उशिरा भरत नाही. मग मधल्या मधे कापलं कोण जातं? मूल.

सरळरेषा

आठवड्यातले दीड तास हो! दीड! त्याने झोप कापली जाते? मोबाईलने कापली जात नाही?

तळटीप

दोघांच्या मधे येतो, माफी.

"मुलं फार गुंतलेली असतात" ह्या तक्रारीवर अमेरिकेतल्या मुलांबद्दल २००६ साली महोनी, हॅरिस आणि एकल्स ह्यांचा एक आढावा आला होता. त्यात निघालं की अशा ठरवून केलेल्या उपक्रमांत मुलं सरासरी आठवड्याला ५ तासांच्या आसपास घालवतात, साधारण ४० टक्के तर कशातच नसतात, आणि २० तासांच्या वर जाणारी अगदी थोडी. म्हणजे अतिताणाची जी ओरड असते ती बहुतेकांना लागू नाही. इथे सरळरेषांना एक गुण.

पण क्लबमधली मुलं जास्त चमकतात हे जे सगळे बोलतात त्यात एक मेख आहे. क्लबमुळे चमकतात का मुळात चमकणारीच क्लबात जातात, हे सुटं करणं फार अवघड. ज्या घरात न्यायला-आणायला माणूस आहे, ज्या मुलाला आधीच बोलायची भीती नाही, तेच पहिल्यांदा नाव देतं. त्यामुळे "क्लबात घातलं की धीट होईल" असा सरळ हिशोब मांडू नका.

चष्मा_कुठाय

+१ तळटीप. आमच्याकडे धीट होती ती गेली आणि अजून धीट झाली, आता घरात कुणाला बोलू देत नाही.

दोघांचा_बाप

मी दोन्ही चुका करून बसलोय त्यामुळे लिहायचा हक्क आहे. मोठ्याला चार ठिकाणी घातलं, रोबोटिक्स, बुद्धिबळ, फुटबॉल आणि शनिवारी कसलंतरी विज्ञान मंडळ. एक ना धड भाराभर चिंध्या. एक दिवस तो गाडीत मागे बसून विचारतो, "बाबा आज मी कुठे चाललोय?" चेष्टेत नाही, खरंच माहीत नव्हतं त्याला. आणि मलाही पटकन आठवेना. त्या दिवशी तीन बंद केले. धाकटीला मग घाबरून कशातच घातलं नाही, तर ती नववीत म्हणाली तुम्ही मला कधी विचारलंच नाही.

म्हणजे विचारा. पण "क्लबात जाणार का" असं विचारू नका, ह्याचं उत्तर नाहीच येतं. आमच्याकडे चाललेला प्रश्न सांगतो, "गेलीस असं समज, तर पहिल्या दिवशी सगळ्यात नकोसं काय असेल?" धाकटी दहा मिनिटं बोलली. त्यातलं नऊ मिनिटं एका मुलाबद्दल होतं जो सगळ्यांची नक्कल करतो. ती क्लबला घाबरत नव्हतीच.

फळाखडू

मी शाळेत नऊ वर्षं नाटकाचा क्लब घेतला, आता निवृत्त. पलीकडच्या बाजूने सांगते.

पहिल्या दिवशी तीसेक मुलं येतात. त्यातली निम्मी मैत्रिणीबरोबर आलेली, चार-पाच आईवडिलांनी पाठवलेली (ती लगेच ओळखू येतात, दप्तर खांद्यावरून उतरवत नाहीत) आणि उरलेली खरोखर हौशी. तीन आठवड्यांनी वीस राहतात. गंमत अशी की गळालेल्यांत हौशी पण असतात, कारण त्यांना वाटलेलं असतं पहिल्याच दिवशी नाटक, आणि आम्ही देतो खुर्च्या लावायला. आणि दप्तरवाल्यांपैकी एक-दोन अशी रुजतात की विचारू नका. माझा सगळ्यात चांगला प्रकाशयोजना करणारा मुलगा असाच आलेला, रंगमंचावर एकदाही गेला नाही, सगळं वर्ष दिव्यांच्या बटणांपाशी. त्यामुळे ढकलावं का नाही ह्याला माझ्याकडे उत्तर नाही.

पण पालक विचारतच नाहीत असे काही प्रश्न असतात ते शाळेला विचारा. निवड होते का सगळ्यांना घेतात? सातवी वेगळी बसते का नववीबरोबर? मधेच सोडलं तर काय, शेरा वगैरे लिहितात का? न नाव देता एक दिवस बसून बघता येतं का? (मी नेहमी येऊ द्यायची, बरेच शिक्षक देतात, पण मागावं लागतं.) आणि क्लब घेणारं कोण आहे. क्लब म्हणजे शेवटी तो एक माणूस असतो. चांगल्या माणसाचा कंटाळवाणा विषयसुद्धा चालतो, चिडक्याचा रोबोट पण नको.

आणि अजून एक. ह्या वयात मुलांना वाटतं सगळं जग आपल्याकडेच बघतंय. डेव्हिड एल्काइंड ह्या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली ह्याला काल्पनिक प्रेक्षक म्हटलं होतं. आपल्याला वाटतं "कोण बघतंय तुझ्याकडे", पण तिच्या डोक्यात सभागृह भरलेलं असतं. ते खोटं आहे असं सांगून रिकामं होत नाही हो.

निवांत

फळाखडू बाई, उत्तम. फक्त एक, तुमचा दिव्यांवाला तुम्हाला आठवतो. गळालेली दहा आठवतात का?

फळाखडू

दोन आठवतात. बरोबर बोललात.

सरळरेषा

अरे पण गळणं म्हणजे काय मोठा अपघात आहे का? तीन आठवडे गेला, नाही आवडलं, सोडलं. ह्यात गेलं काय? मुलांना सोडायची पण सवय पाहिजे. तुमचा निवांत मार्ग असा की पोहायला येईपर्यंत पाण्यात जायचंच नाही.

आणि साधी गोष्ट, जरा आमिष दाखवा. सत्र पूर्ण केलंस तर अमुक घेऊ. घरोघर चालतं.

तळटीप

आमिषावर थांबा थोडं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांचे गट केले. एकाला आधीच सांगितलं चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल, त्याच्यावर सोनेरी मोहर आणि फीत. दुसऱ्याला काढून झाल्यावर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन पुन्हा समोर ठेवले, तेव्हा आधी कबूल करून दिलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढली. खेळाचं काम झालं की मजा गेली.

सरळरेषा

तळटीप, ही मुलं किती वयाची होती ते पण सांगा ना.

तळटीप

बालवाडीतली. ३ ते ५. मान्य. पण नंतर १९९९ साली डेसी, कोस्टनर आणि रायन ह्यांनी असे १२८ प्रयोग एकत्र करून बघितले, त्यातही कबूल करून दिलेल्या वस्तूरूप बक्षिसाने आवड घटते असंच निघालं आणि मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त. उलट मतं असलेले संशोधक आहेत, तो वाद संपलेला नाही. आणि हे सगळं मुळात आवड असलेल्या गोष्टीबद्दल आहे हे लक्षात घ्या. आवडच नसेल तर बक्षिसाने घालवायला काही शिल्लक नसतं. म्हणून आधी हे कळायला पाहिजे की तिला एखादा क्लब आवडतोय का. धागाकर्तीने ते लिहिलेलं नाही.

खिडकीजवळची

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा वाचले.

तळटीप, तुमचं वाचून मी उठून तो फॉर्म नीट बघितला. इतके दिवस मी त्याच्यावरची तारीखच बघत होते. पाचही चौकोन रिकामे, पण नाटकाच्या चौकोनात कागद फुगलाय. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. उजेडात तिरका धरला तर बरोबरची खूण दिसते, पेन्सिलची, खोडलेली. एकदा नाही, परत केलेली आणि परत खोडलेली असावी कारण दोन रेघा एकमेकींवर नीट बसत नाहीत. खोडरबराचा तुकडा पण घडीत अडकलेला होता.

मला इतकं कसंतरी झालं. चार दिवस मी तिला "तुला कशातच रस नाही" म्हणत होते.

सरळरेषा

मग झालं की! तिला हवंय. भरून टाका नाटक, पेनने.

निवांत

अजिबात नको!! तिने लपवलेली गोष्ट तुम्ही उजेडात तिरकी धरून वाचलीत, आता त्याच्यावर पेन फिरवणार? तिने खूण केली ते खरं तसं खोडली ते पण खरं. तुम्ही फक्त पहिली अर्धी गोष्ट मोजताय.

आणि ताई, बघितलं हे तिला सांगणार असाल तर सरळ सांगा, फिरवून फिरवून "नाटक कसं वाटतं गं" असं करू नका. मुलांना ते लगेच कळतं. मुलांच्या हक्कांचा जो संयुक्त राष्ट्रांचा करार आहे ना, १९८९ चा, त्यात १२वं कलम आहे, मुलाला स्वतःच्या बाबतीत मत मांडू द्यायचं आणि त्या मताला वय आणि समज बघून वजन द्यायचं. वजन द्यायचं म्हणजे तीच ठरवणार असं नाही हो, पण ऐकून घ्यायच्या आधी पेन नाही.

सरळरेषा

क्लबच्या फॉर्मला संयुक्त राष्ट्रं. आता दप्तरात वकीलपत्र पण घाला.

पण बरं, पेन मागे घेतो. मला एवढंच म्हणायचंय की खोडणं भीतीने झालेलं असेल तर ते आपण मत म्हणून जपायचं का? भीतीला पण कलम लागू होतं का? मी त्या दिवशी वाचा जाऊन उभा होतो ते मला नकोच होतं ना, आणि कुणी मला विचारलं असतं तर मी शंभर वेळा नको म्हणालो असतो आणि शंभर वेळा माझं नुकसान झालं असतं.

निवांत

आणि मला विचारलं असतं तर मी आज गाणं म्हणत असतो कदाचित. विचारून बघूया ना एकदा, काय जातंय.

आईच्या_लॉगिनवरून

हाय, मी आठवीत आहे, आईने धागा वाचून दाखवला म्हणून लिहितेय. तुम्ही सगळे खूप मोठं मोठं लिहिताय पण मला वाटतं कारण छोटं असेल. म्हणजे मी मागच्या वर्षी भित्तिपत्रिकेला नाही म्हणाले होते कारण क्लबच्या दिवशी डबा कुठे बसून खायचा ते माहीत नव्हतं, माझा ग्रुप तर घरी गेलेला असणार. आईला वाटलं मला लिहायला आवडत नाही. आणि हे आईला सांगायला लाज वाटते कारण ती म्हणणार एवढंच? म्हणून आपण म्हणतो असंच.

त्या मुलीला विचारा क्लब सुटल्यावर घरी कशी येणार. बसचं बघा. आणि प्लीज दोघींनी समोरासमोर बसून विचारू नका, कुठेतरी जाताना विचारा.

चष्मा_कुठाय

इतक्या सगळ्या प्रतिसादांत हा पहिला कामाचा. माझ्यासकट सांगतोय.

फळाखडू

मी नऊ वर्षांत एकदाही बसचा विचार केला नव्हता. आज कळतंय दोन मुली पावणेपाचलाच का उठायच्या.

खिडकीजवळची

सांगते काय झालं ते. काल तिला गाडीतून आणताना विचारलं. निवांत, तुमचं ऐकून आधी सरळ सांगितलं की मी फॉर्म बघितला, खोडलेलं दिसलं, माफ कर. पाच मिनिटं काही नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दुसऱ्या बसमधे नववीची मुलं असतात."

एवढंच. क्लबच्या दिवशी पहिली बस निघून जाते, दुसरी बस नववी-दहावीची, त्यात मागच्या सगळ्या सीट ठरलेल्या असतात आणि पुढे कुणी बसत नाही. तिची जिवलग मैत्रीण चालत जाते, बसला नसतेच. ती एका स्पर्धेच्या दिवशी त्या बसने आली होती, पूर्ण वेळ उभी. बसायला जागा होती तरी. मला तेव्हा म्हणाली होती पाय दुखतायत, मी म्हटलं होतं खेळलीस जास्त.

स्टेजबद्दल विचारलं तर म्हणते "ते काय, ते तर पाठ केलेलं असतं."

वर्गशिक्षिकांना फोन केला, नाव न देता एक दिवस बसून बघता येतं म्हणाल्या. त्या दिवशी बाबा आणायला जाणार, पुढचं पुढे. तिला सांगितलं तर म्हणाली "फक्त बघायला जाणारे हां." मी हो म्हटलं. फॉर्मला मुदत वाढवून मिळाली आहे, तो मी तिच्या टेबलावर ठेवलाय, रिकामाच.

सरळरेषा

म्हणजे ढकललंच की शेवटी.

निवांत

ढकललं कुठे, गाडीने आणणार म्हणतायत.

सरळरेषा

बाबांना कायम नाही जमणार पण. दुसऱ्या बसचं काय करायचं ठरलं?

आईच्या_लॉगिनवरून

ड्रायव्हर काकांच्या मागची सीट. तिथे मोठी मुलं कधीच बसत नाहीत. तिला सांगा.